उकलीआधीची उकल: अवाढव्य विरळ समीकरणसंचांचा आढावा

नाईल नदीवरच्या आस्वान धरणाच्या दगडी भिंतीत ताण कुठे किती पडतो, हा प्रश्न लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९१० साली आकडेमोडीने सोडवायला घेतला. भिंतीच्या छेदावर चौकटींची जाळी आखायची, जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक अज्ञात संख्या मानायची आणि ती शेजारच्या बिंदूंवरच्या संख्यांशी एका समीकरणाने बांधायची, ही त्यांची रीत. मग सगळीकडे अंदाजाने आकडे भरायचे आणि दर फेरीत ते थोडेथोडे सुधारत न्यायचे. या कामावर त्यांनी मुले लावली होती. मोबदला बिंदूमागे ठरलेला होता. आकड्यात अंक जितके जास्त तितके पैसे जास्त, आणि चुकलेल्या क्रिया मोजणीत धरल्या जात नसत. सर्वांत चपळ मुलांपैकी एक जण तीन अंकी आकड्यांवर आठवड्याला सरासरी २,००० क्रिया उरकत असे.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात आपल्या कोयना धरणाच्या भिंतीला, जिथे तिचा उतार बदलतो त्या उंचीवर, आडवे तडे गेले. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. काँक्रीटच्या धरणांवर भूकंपाचा परिणाम मोजणारे नवे संगणकीय प्रारूप तपासून पाहायचे, तर जगभर ज्या थोड्या भिंतींवर ते चालवून बघतात त्यांत कोयनेची भिंत असते. मुलांची जागा संगणकाने घेतली आणि जाळी कितीतरी बारीक झाली, पण प्रश्नाचा सांगाडा तोच राहिला: लाखो-कोट्यवधी अज्ञात, तितकीच एकघाती समीकरणे, आणि प्रत्येक समीकरणात मात्र जेमतेम पाच-दहा अज्ञात. हवामान, तेलक्षेत्रे, विमानाचे पंख, विजेचे जाळे, सगळीकडे शेवटी हाच संच समोर येतो. गेल्या दोनशे वर्षांत तो सोडवण्याच्या रीती कशा घडल्या आणि आज आपण कुठे आहोत, याचा हा आढावा आहे. माझे मत आधीच सांगतो. या विषयात नावाजल्या जातात त्या पद्धती. पण संच सुटतो की नाही हे बहुतेक वेळा प्रीकंडिशनर, म्हणजे संचाला आधी सोपे रूप देणारी तयारी, ठरवतो, आणि चांगला प्रीकंडिशनर मॅट्रिक्सकडे नुसते टक लावून सापडत नाही. ती मॅट्रिक्स कोणत्या भौतिक प्रश्नातून आली, हे ठाऊक असावे लागते.

एक घनाकृती जाळी घेऊ: प्रत्येक बाजूला १०० बिंदू, म्हणजे १० लाख अज्ञात. उष्णतेच्या वहनाचे साधे समीकरण या जाळीवर मांडले, तर प्रत्येक ओळीत सातच शून्येतर आकडे येतात: बिंदू स्वतः आणि त्याचे सहा शेजारी. पूर्ण मॅट्रिक्स साठवायची तर ८ टेराबाइट जागा लागेल. शून्ये वगळून साठवली तर शंभर मेगाबाइटही लागत नाहीत. अडचण लोप पद्धतीत आहे. शाळेत दोन अज्ञातांसाठी शिकलेली तीच पद्धत इथे चालवली, की एका चलाचा लोप करताना त्याचे शेजारी एकमेकांना बांधले जातात आणि शून्याच्या जागी आकडे उगवू लागतात. ओळी नेहमीच्या क्रमाने घेतल्या तर हा भराव ८० गिगाबाइट जागा व्यापतो आणि क्रियांची संख्या १०० लाख कोटींच्या घरात जाते.

भराव कमी करण्याची कला स्वतंत्र आणि मोठी आहे. ॲलन जॉर्ज यांनी १९७३ मध्ये दाखवले, की जाळी मधोमध चिरत जाऊन दुभाजकावरचे बिंदू शेवटी घेतले, तर द्विमितीय प्रश्नात भराव जवळजवळ नगण्य राहतो. त्यामुळे पातळ पत्र्याचा किंवा चौकटीच्या इमारतीचा प्रश्न असेल, तर थेट लोप हाच योग्य मार्ग आहे. पुनरावृत्तीच्या पद्धतींचे कौतुक करणाऱ्यांनी हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. त्रिमितीत मात्र दुभाजक ही रेघ नसते, अख्खे प्रतल असते. तिथे उत्तम क्रम लावूनही क्रिया अज्ञातांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. अज्ञात दहापट झाले की काम शंभरपट. फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे सरकणाऱ्या पद्धतींची गरज इथे सुरू होते.

या पद्धतींचा उगम भूमापनात आहे. हॅनोव्हरच्या त्रिकोणी सर्वेक्षणातली समीकरणे सोडवताना कार्ल फ्रीड्रिश गाऊस यांनी २६ डिसेंबर १८२३ रोजी आपले शिष्य गेर्लिंग यांना पत्र लिहून ही रीत सुचवली: जिथे चूक सर्वांत मोठी दिसते ते समीकरण घ्या, तेवढे दुरुस्त करा, मग पुढचे. हे काम अर्धवट झोपेत किंवा दुसरा विचार करतानाही करता येते, असेही त्यांनी कळवले होते. पुढे याकोबी यांनी १८४५ मध्ये आणि झायडेल यांनी १८७४ मध्ये आपापल्या रीती मांडल्या, आणि अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत आजही आपण त्याच शिकवतो. एक गोष्ट मात्र शिकवायची राहून जाते. याकोबी फेऱ्या सुरू करण्यापूर्वी आपला संच बदलून घेत: कर्णाबाहेरचे मोठे आकडे फिरवाफिरवीने आधी नाहीसे करत आणि मग फेऱ्या मारत. प्रीकंडिशनिंगची कल्पना तिथे आधीपासून आहे, त्यांच्याच १८४५ च्या लेखात.

आपल्या १० लाखांच्या घनावर उत्तरातली चूक दहा लाखांश करायची, तर याकोबीच्या पद्धतीला सुमारे २८,००० फेऱ्या लागतात आणि गाऊस–झायडेलला त्याच्या निम्म्या. डेव्हिड यंग यांनी हार्वर्डमध्ये १९५० साली लिहिलेल्या प्रबंधात दाखवले, की दर फेरीची दुरुस्ती हिशेबाने थोडी वाढवून केली, तर हाच आकडा काहीशे फेऱ्यांवर येतो. त्याच वर्षी स्टॅन्ली फ्रँकेल स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते. पण ‘हिशेबाने’ म्हणजे नेमकी किती वाढवायची, हे साध्या प्रश्नांतच आधी कळते. खऱ्या प्रश्नात ते चाचपडत शोधावे लागते.

हे चाचपडणे संपले १९५२ मध्ये. मॅग्नस हेस्टेनिस आणि एडुआर्ड श्टिफेल या दोघांनी एकमेकांच्या नकळत सारखीच पद्धत शोधली होती. लॉस एंजेलिसला भेट झाल्यावर त्यांनी ती मिळून प्रसिद्ध केली. कॉन्ज्युगेट ग्रेडियंट हे तिचे नाव. कोर्नेलिउस लँत्सोश यांचे काम तिच्या अगदी शेजारचे. मॅट्रिक्स सममित आणि धन-निश्चित असेल, तर ही पद्धत दर फेरीत आतापर्यंतच्या सगळ्या दिशांमधून होऊ शकणारी सर्वांत चांगली दुरुस्ती निवडते, आणि त्यासाठी तिला मागची एकच दिशा लक्षात ठेवावी लागते. मॅट्रिक्स उलगडायचीही गरज नाही. तिने एका सदिशाला गुणता आले की पुरे.

तरीही ही पद्धत जवळजवळ वीस वर्षे बाजूला पडून राहिली. कारण असे, की अज्ञात जितके तितक्या फेऱ्यांत अचूक उत्तर, ही तिची हमी होती, आणि संगणकावरच्या निकटनाच्या चुकांपुढे ती टिकत नव्हती. १९७१ मध्ये जॉन रीड यांनी हमीचा नाद सोडायला सांगितले. ही लोप पद्धतीची बहीण नव्हे, फेऱ्यांची पद्धत म्हणून तिच्याकडे पाहा. मोठ्या विरळ संचात ती हमीच्या कितीतरी आधी पुरेसे उत्तर देते. अपेक्षा बदलल्याबरोबर तीच पद्धत उपयोगाची झाली, ही मला या सगळ्या इतिहासातली फार मोलाची घटना वाटते. आपल्या घनात काहीशे फेऱ्या, प्रत्येकी अडीच कोटी क्रिया, म्हणजे एकूण हजार कोटींच्या आसपास. थेट लोपाच्या १०० लाख कोटींशी ताडून पाहावे.

फेऱ्या किती लागतील हे मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू कशा पसरल्या आहेत यावर ठरते. सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान यांचे गुणोत्तर म्हणजे कंडिशन नंबर. फेऱ्या त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. जाळी दुप्पट बारीक केली की हा आकडा चौपट होतो आणि फेऱ्या दुप्पट. शिवाय भिंतीत एक थर काँक्रीटचा आणि शेजारचा मातीचा असेल, तर गुणधर्मांतली तफावतही त्यात मिसळते. उपाय असा: मूळ मॅट्रिक्सच्या जवळची, पण सोडवायला सोपी अशी दुसरी मॅट्रिक्स घ्यायची आणि दर फेरीत उरलेली चूक तिच्यामार्फत आधी ढोबळपणे सोडवून घ्यायची. ही दुसरी मॅट्रिक्स म्हणजे प्रीकंडिशनर. तिच्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात: मूळ मॅट्रिक्सच्या शक्य तितके जवळ असणे आणि शक्य तितके स्वस्त असणे. दोन्ही टोके निरुपयोगी आहेत. सगळे कौशल्य मधल्या जागेत आहे.

पहिला खरा विजय १९७७ चा. मायरिंक आणि व्हान डर व्होर्स्ट या डच गणितज्ञांनी लोप पद्धतच चालवली, पण शून्याच्या जागी उगवणारे आकडे सरळ टाकून दिले. हे अर्धवट गुणक चुकीचे असतात, पण जवळचे असतात, आणि एका मोठ्या वर्गातल्या मॅट्रिक्ससाठी ही प्रक्रिया मधेच मोडत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. फेऱ्या काही पटींनी उतरल्या. मात्र जाळी बारीक करत गेले की त्या पूर्वीच्याच गतीने वाढत राहिल्या. टाकून दिलेले आकडे कर्णात जमा करणारी सुधारित रीत गुस्ताफसन यांनी १९७८ मध्ये मांडली. तिच्यात ही वाढ बरीच मंदावते. आज लोकप्रिय सॉफ्टवेअर-ग्रंथालयांत काहीही न निवडता संच सोडवायला दिला, तर पडद्यामागे बहुधा असाच एखादा अर्धवट लोप चालू असतो. पेट्सी (PETSc) या ग्रंथालयाचेच पाहा: तिथे मुळातली निवड तीस फेऱ्यांनी नव्याने सुरू होणाऱ्या जीएमआरईएस पद्धतीची, सोबत भराव न घेणारा अर्धवट लोप. सुरुवात म्हणून हे ठीक आहे. पण अनेक अभियंते तिथेच थांबतात आणि संच सुटला नाही की पद्धतीला दोष देतात, हे पाहून वाईट वाटते.

जीएमआरईएस असममित मॅट्रिक्ससाठी आहे; युसूफ साद आणि मार्टिन शुल्त्झ यांनी ती १९८६ मध्ये दिली. वाहत्या हवेची किंवा पाण्याची समीकरणे असममित असतात आणि तिथे कॉन्ज्युगेट ग्रेडियंट चालत नाही. जीएमआरईएस दर फेरीत उत्तम दुरुस्ती करते, पण त्यासाठी मागच्या सगळ्या दिशा साठवते. व्हान डर व्होर्स्ट यांची १९९२ ची बाय-सीजीस्टॅब थोड्याच दिशांवर भागवते, पण उत्तमतेची हमी देत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतील का? सर्वसाधारण मॅट्रिक्ससाठी नाही, हे फेबर आणि मँटॉयफेल यांनी १९८४ मध्येच सिद्ध केले होते. त्याहून धक्कादायक निकाल १९९६ चा. ग्रीनबाम, प्टाक आणि स्त्राकोश यांनी दाखवले, की न वाढणारा कोणताही आलेख काढा आणि हव्या त्या शून्येतर आयगेनव्हॅल्यू निवडा. जीएमआरईएस हुबेहूब त्या आलेखाने जाईल अशी मॅट्रिक्स रचता येते. म्हणजे असममित जगात नुसत्या आयगेनव्हॅल्यूंवरून फेऱ्यांचे भाकीत करता येत नाही. पद्धतींच्या बाजूने जे मिळवायचे होते ते बहुतांशी तोवर मिळून चुकले होते, आणि पुढचा सगळा भार प्रीकंडिशनरवर आला.

यातला सर्वांत सुंदर विचार बहुजाली पद्धतीचा. गाऊस–झायडेलच्या दोन-चार फेऱ्या मारल्या, की चुकीतला बारीक चढउतार झपाट्याने नाहीसा होतो; जे उरते ते लांबलचक आणि सपाट असते आणि पुढच्या हजार फेऱ्यांना दाद देत नाही. अंथरलेल्या चादरीवरच्या सुरकुत्या हात फिरवून जातात, पण अख्खी चादरच तिरकी पडली असेल, तर नुसता हात फिरवून काय होणार? ती टोकाला धरून ओढावी लागते. सपाट चूक जाड जाळीवर नेली, की तिथे ती तुलनेने बारीक चढउतार होते आणि तिथल्या दोन-चार फेऱ्यांत विरते. जाळी अशीच जाड करत जायचे आणि दुरुस्त्या घेऊन परत वर यायचे. रशियात फेडोरेन्को यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडले, बाख्वालोव्ह यांनी १९६६ मध्ये पुढे नेले, आणि आची ब्रँट यांनी सत्तरच्या दशकात ते कामाचे हत्यार केले. आपल्या घनाला इथे दहाच्या आसपास फेऱ्या पुरतात. जाळी कितीही बारीक केली तरी तेवढ्याच. अज्ञातांच्या प्रमाणात काम, यापेक्षा कमी काही असूच शकत नाही.

मग प्रश्न सुटला म्हणायचे का? नाही. हा हिशेब सर्व दिशांना सारख्या वाहणाऱ्या उष्णतेचा होता. वातावरण घ्या: प्रारूपातल्या जाळीचे घर आडवे काही किलोमीटरचे, उभे मात्र काहीशे मीटरचे किंवा त्याहून कमी. वरखालच्या शेजाऱ्यांची पकड आडव्या शेजाऱ्यांच्या कितीतरी पट घट्ट होते आणि बिंदूमागून बिंदू दुरुस्त करणारी फेरी निष्प्रभ ठरते. हवामानाचे गणित करणाऱ्यांना हे माहीत असते, म्हणून ते हवेचा अख्खा उभा स्तंभ एकदम सोडवतात, जे अगदी स्वस्त आहे, आणि आडव्या दिशेतच जाळी जाड करतात. ब्रिटनच्या हवामान खात्याच्या प्रारूपात काळाच्या प्रत्येक पावलाला दाबाचा असा संच सोडवावा लागतो. त्या प्रारूपाची आवृत्ती नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात आपल्या मान्सूनसाठीही चालते. हा उभा स्तंभ मॅट्रिक्सच्या आकड्यांतून आपोआप सापडला असता का? कदाचित, रूज आणि श्ट्यूबेन यांच्या १९८७ च्या बैजिक बहुजाली पद्धतीचा रोख तोच आहे. जाळीची आकृती न मागता, कोणता आकडा किती मोठा यावरून ती शेजार ओळखते. ती फार उपयोगी आहे. पण तिलाही कोणते आकडे ‘घट्ट’ मानायचे ही मर्यादा कुणीतरी ठरवून द्यावी लागते.

तेलक्षेत्राच्या प्रारूपात हे आणखी स्पष्ट दिसते. तिथे प्रत्येक बिंदूवर दाब आणि तेल-पाण्याचे प्रमाण असे वेगळ्या स्वभावाचे अज्ञात असतात. दाबातला बदल सगळ्या क्षेत्रात पसरतो. पाण्याचे प्रमाण मात्र प्रवाहाबरोबर हळूहळू सरकते. ऐंशीच्या दशकात वॉलिस यांनी दोन टप्प्यांची रीत दिली: आधी दाबाचा संच वेगळा काढून तो नीट सोडवा, मग उरलेल्यासाठी साधा अर्धवट लोप पुरे. या क्षेत्रात ती आजही वापरात आहे. संथ चिकट द्रवाच्या समीकरणांतही तसेच. सिल्व्हेस्टर आणि वॅथन यांनी १९९४ मध्ये दाखवले, की दाबाच्या भागासाठी एक अगदी सोपी मॅट्रिक्स पुरते आणि फेऱ्या जाळीवर अवलंबून राहत नाहीत. त्या मॅट्रिक्सची निवड द्रवाच्या समीकरणांतून आली.

या सगळ्यापासून दूर, आलेख-सिद्धांताच्या बाजूनेही एक वाट निघाली. इलिनॉय विद्यापीठातील प्रवीण वैद्य यांनी १९९१ च्या सुमारास सुचवले, की मॅट्रिक्स म्हणजे रस्त्यांचे जाळे समजा. त्यातले सर्वांत भक्कम रस्ते घेऊन सर्वांना जोडणारे झाड निवडा, थोडे जादा रस्ते जोडा आणि तोच प्रीकंडिशनर घ्या. हे काम त्यांनी कधी प्रसिद्ध केले नाही. इतरांनी ते पुढे नेले. स्पीलमन आणि टेंग यांनी २००४ मध्ये या वाटेने जाऊन सिद्ध केले, की अशा जाळ्यांचे समीकरणसंच जवळजवळ एकघाती वेळात सुटतात. त्या कामाला २०१५ चे गोडेल पारितोषिक मिळाले. सिद्धता भक्कम आहे. अभियांत्रिकीतल्या नेहमीच्या जाळ्यांवर मात्र बहुजालीला मागे टाकणे या वाटेला अजून सहज जमलेले नाही.

यंत्रे बदलली तशी निवडही बदलली. विरळ गुणाकारात स्मृतीतून आणलेला प्रत्येक आकडा एकदाच वापरला जातो, म्हणून प्रोसेसर बहुतेक वेळ वाट पाहत असतो. जपानचा फुगाकू संगणक भरीव संच सोडवताना ४४२ पेटाफ्लॉप्स गाठतो. विरळ संचाच्या एचपीसीजी चाचणीत १६. अमेरिकेच्या फ्रंटियरचा हिशेब २०२३ मध्ये १,१९४ आणि १४ असा होता. महासंगणकाच्या बातमीत छापून येतो तो पहिला आकडा. आपल्या धरणांना आणि हवामानाला लागू पडतो तो दुसरा. त्यातून अर्धवट लोपाचा स्वभाव एकापाठोपाठ एक ओळ सोडवण्याचा, म्हणजे हजारो प्रोसेसरांना सर्वांत गैरसोयीचा. म्हणून अवकाशाचे तुकडे करून प्रत्येक प्रोसेसरला एक तुकडा देणारी रीत पुन्हा पुढे आली. तिचे बीज हेर्मान श्वार्झ यांच्या १८७० च्या कामात आहे. तुकडे वाढले की फेऱ्या वाढतात, आणि ते टाळायला सगळ्या तुकड्यांना जोडणारा एक जाड संच हवाच, हा धडा बहुजालीचाच आहे.

केव्हा थांबायचे, याकडे फार कमी लक्ष दिले जाते. उरलेली चूक दहा लाखांशावर आली म्हणून उत्तर तितके अचूक झाले असे नाही; कंडिशन नंबर दहा कोटी असेल, तर त्या उत्तरातला एकही अंक खरा असल्याची हमी नाही. उलट, जाळीच इतकी जाड आहे की मूळ प्रारूपातच एक टक्का चूक आहे, तर बाराव्या दशांशापर्यंत फेऱ्या मारणे म्हणजे वीज जाळणे. संच आणि जाळी यांचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे.

आणि एक प्रश्न अजून अंगावर येतो. ध्वनीच्या किंवा भूकंपलहरींच्या हेल्महोल्ट्झ समीकरणात एका पदाचे चिन्ह उलटे असते. हवामानाच्या दाबाच्या समीकरणाशी नाव सारखे, पण स्वभाव पूर्ण वेगळा: मॅट्रिक्स धन-निश्चित राहत नाही. जाड जाळीवर लहर ओळखूच येत नाही, म्हणून बहुजाली कोलमडते. लहर सगळीकडे पोहोचते, म्हणून अर्धवट लोपही कोलमडतो. एर्लांगा, व्हाउक आणि ओस्टरली यांनी २००४ च्या सुमारास लहरीला कृत्रिम क्षय देऊन तो प्रश्न प्रीकंडिशनर म्हणून घेतला. फेऱ्या घटल्या, पण कंप्रता वाढवली की त्या पुन्हा वाढू लागतात. जमिनीखालच्या थरांचे चित्र काढणाऱ्या भूभौतिकीत दर दिवशी असे संच हजारोंनी सुटतात, आणि कंप्रतेला न घाबरणारा, स्वस्त, समांतर यंत्रांवर नीट चालणारा प्रीकंडिशनर त्यांच्यासाठी आजही कुणाकडे नाही.